पिंपळबोडीपुढचं शून्य

धंतोलीतल्या दवाखान्यात नवजात बाळांना ऊब देणारं एक जास्तीचं वॉर्मर आलं होतं. ते कुठल्या गावाला द्यायचं ते कंप्युटरवर नोंदी सांभाळणाऱ्या मेघाच्या यादीवरून ठरणार होतं, आणि चार वाजता डॉक्टर श्रीधर सही करणार होते. मेघाने दोन वर्षांत दगावलेल्या बाळांच्या नोंदी गाव आणि कारण अशा जोड्यांनी गटात बांधल्या, जोडीगणिक नावं मोजली नि कागद छापला. सगळ्यात वर बुटीबोरीकडचं एक गाव आलं: थंडी लागून, पाच.

रुख्मिणी सिस्टर चहा द्यायला आल्या नि त्यांचं बोट यादीच्या तळाशी थांबलं.

"पिंपळबोडी, थंडी, शून्य? मौद्याकडचं माहं गाव हाय थे. बाई, तुह्या कंप्युटरले मोजायले शिकव जरा."

"तो नाही चुकत हो सिस्टर."

"मंग मीच चुकली असन. हातात घेतले थे लेकरं नव्हते, बाहुल्या होत्या!"

मेघाचं हसू जागीच विरलं. खरं तर ही ओळच यायला नको होती. एकही नोंद नसेल तर जोडी बनतच नाही. बनली, म्हणजे आत कुणीतरी होतं. तिने गट उघडला. नऊ नोंदी. गाव, कारण, आईचं नाव, सगळं भरलेलं. बाळाच्या नावाचा रकाना मात्र नऊही ठिकाणी रिकामा.

"नाव काहून नाही लिहिलं सिस्टर?"

"बारशाच्या आधीच गेले ना वं. मी का माह्या मनानं ठेवू?"

बुटीबोरीकडची बाहेरून आलेली माणसं बारशाची वाट न पाहता दवाखान्यातच नाव सांगून मोकळी होत, म्हणून तिथली बाळं मोजली गेली. रिकामा रकाना मोजणीत धरला जात नाही, हे मेघाला पाठ होतं. तरी मोजायला तिने नेमका नावाचाच रकाना दिला होता. तिच्या लेकीचं बारसंही बाराव्या दिवशीच झालेलं. तोवरचे अकरा दिवस तीसुद्धा या यादीत शून्यच ठरली असती.

तिने नावं सोडून नोंदी मोजल्या. पिंपळबोडी वर आलं. नऊ.

"माझी चूक झाली सर," तिने सहीसाठी आलेल्या डॉक्टरांना सांगितलं.

"पण नावंच नाहीत. एकच नोंद दोनदा पडली असेल तर?"

रुख्मिणी सिस्टर बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या. "चंद्रभानच्या वैभवीचं लेकरू. इंदूबाईच्या सुनेचं. श्वेता, तिचे तं जुळे होते..." आठ झाली. नवव्या बाळाशी त्या अडल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "एक नाही आठवून राहिली साहेब," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

मेघाने पडद्यावरून वाचलं. "आई हर्षा. चौदा जानेवारी. मुलगी."

"हो वं, हर्षाची. सहा तास होती. पदरात गुंडाळून आणली होती तिनं."

डॉक्टर श्रीधरांनी छापलेलं गाव खोडलं नाही. त्याच्या वर हाताने पिंपळबोडी लिहिलं, पुढे नऊ, आणि सही केली.

मेघा लगेच दुसऱ्या वॉर्मरच्या मागणीचं पत्र लिहायला बसली. बुटीबोरीकडची ती पाच बाळंही खरीच होती.