कुंपणावरची कळलावी

मी नाचणगावातल्या एका परसातली कळलावी बोलतेय. नाव ऐकूनच दचकलात ना? तुम्हीही त्यातलेच!

पावसाळ्यात मी जमिनीतून वर येते आणि पानांच्या टोकांनी कुंपणाची तार धरत चढते. श्रावणात लाल-पिवळी फुलते. लोक लांबूनच बघतात. घरात भांडण झालं की बोट माझ्याकडे. मग मलाही माणसांचा भरवसा वाटत नाही. कुणी जवळ आलं की मी आधी त्याचे हात बघते.

माझ्या कंदात कोल्चिसीन नावाचं द्रव्य आहे. डॉक्टर तेच मोजूनमापून गोळीतून देतात, तेव्हा सांध्याची सूज उतरते. कंदात ते किती असतं, मलाही ठाऊक नाही. जास्त झालं तर जीव जातो.

या घरचे भैयाजी किराणा दुकान चालवतात. त्यांच्या पायाचा अंगठा सारखा सुजायचा. गोळीतलं औषध कळलावीत असतं, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं. एका दुपारी घरात कुणी नसताना ते खुरपं घेऊन आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी माझा कंद उकरला, सहाणेवर उगाळला आणि पाण्यातून घेतला. बायको रागावेल म्हणून की काय, मातीही सारखी केली.

संध्याकाळी सुनेनं, रक्षानं, त्यांना एकट्यांनाच आधी वाढलं. जेवण होतं न होतं तोच उलट्या सुरू झाल्या. मुलगा प्रफुल्ल त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेला.

भैयाजींच्या पत्नी सीताबाई परसात आल्या. त्यांना माझ्या बुडाशी उकरलेली ओली माती दिसली.

"रक्षा! हे कोनं खोदलं?"

"मले काय मालूम, आई? मी तं पुलगावले गेलती."

"सयपाक तूच केला ना? काय टाकलं भाजीत?"

"आई, काय बोलून राह्यल्या तुम्ही!"

सीताबाईंनी भाजीचं पातेलं फडक्यात बांधून कपाटात ठेवलं. "पोलिसाले दाखवतो," म्हणाल्या. रक्षा माझ्याजवळच पायरीवर बसून राहिली. मला सगळं माहीत होतं, सांगणार कशी?

शेवटी प्रफुल्लचा फोन आला. "आई, बाबानं सोताच कळलावी उगाळून घेतली. डॉक्टरले सांगितलं त्यायनं."

सीताबाईंनी गुपचूप पातेलं बाहेर काढलं. रक्षाकडे न बघता एवढंच म्हणाल्या, "भाजी खराब झाली असन."

भैयाजी वाचले. बऱ्याच दिवसांनी घरी आले. पहिल्याच जेवणाला रक्षानं त्यांचं ताट वाढलं, सासूसमोर त्यातला एक घास स्वतः खाल्ला आणि मग ताट पुढे सरकवलं. तेव्हापासून रोज तसंच करते. भैयाजी मान खाली घालून जेवतात.

कंदाचा एक तुकडा मातीत राहिला होता, त्यातून मी यंदा पुन्हा उगवले आहे. मला उपटायचं तर खुशाल उपटा, हात तेवढे नीट धुवा. पण त्याआधी सीताबाईंना कुणीतरी सांगा, एकदा तोंडानं रक्षाची माफी मागा म्हणावं. त्या मागतील का? मला शंकाच आहे.