फ्रिजवाल्यांचा खेळ

मी बोलतोय, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मधल्या फळीवर बसलेला गेम कन्सोल. आजवर जो तो माझ्याविषयी बोलला, आता जरा माझंही ऐका.

माझा गुन्हा एवढाच की मला फ्रिज बनवणाऱ्या कंपनीने जन्माला घातलं. मी खोक्यातून बाहेर यायच्या आतच थट्टा सुरू झाली. "दार उघडलं की आत दिवा लागतो का हो?" "भाजी ताजी राहते ना?" हसा बाबांनो, हसा.

कारखान्यामागच्या एका खोलीत ताईंनी मला घडवलं. ताई मूळच्या फ्रिजच्या दारांच्या इंजिनियर. दोन वर्षं वरिष्ठांच्या मागे लागून त्यांनी माझ्यासाठी परवानगी मिळवली होती, तीही अटीवर. सहा महिन्यांत दुकानदारांकडून मागणी आली तर ठीक, नाहीतर विभाग बंद आणि ताई परत दारांवर. माझं बटण त्यांनी सतरा वेळा बदललं. दाबल्यावर बोटाला बरं वाटलं पाहिजे, म्हणायच्या.

मग मी या दुकानात आलो. शेजारी दोन जुने, नावाजलेले कन्सोल. लोकांच्या हातांनी मळून काळे झालेले, पण काय त्यांचा तोरा! मालकांनी मला खोक्यातून काढलं, एकदा खालीवर न्याहाळलं आणि म्हणाले, "याचं काही खरं नाही. उद्या परत पाठवायची वेळ आली तर जसाच्या तसा हवा."

म्हणून त्यांनी माझ्या अंगावरचं प्लास्टिक काढलंच नाही. मागच्या बाजूला वायरीपुरतं फाडलं आणि मला सुरू केलं. कंट्रोलरही पिशवीतच. लोक पिशवीवरून बटणं दाबायचे आणि म्हणायचे, "बटणं अडकतात."

माझी हवा जायची भोकं बंद. पंधरा मिनिटांत अंगाची लाही व्हायची आणि मी बंद पडायचो. की आमचे जाणकार तयारच! हे रोज दुकानात येतात, काही घेत नाहीत आणि सगळ्यांना सल्ला देतात. "म्हटलं नव्हतं? फ्रिजवाल्यांचा असून गरम होतोय!" दुकानभर हशा. मला इतका संताप यायचा की काय सांगू. अहो, पांघरुणात गुंडाळून तुम्हाला पळायला लावलं तर तुम्ही किती पळाल?

बाकीच्या दुकानांनीही मला असंच जपलं असावं, कारण सगळीकडून एकच तक्रार गेली, गरम होतो. बिचाऱ्या ताई! कारखान्यात माझी भावंडं दिवसदिवस चालवून बघत राहिल्या. एकही तापलं नाही. प्लास्टिकचं त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे असं कुणाला वाटलंच नाही.

शेवटी एका दुपारी त्या स्वतः दुकानात आल्या. मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबल्या.

"काका, हे प्लास्टिक?"

"नवीन वस्तू आहे ताई, जपायला नको?"

ताईंनी टराटरा प्लास्टिक फाडलं, कंट्रोलर पिशवीतून काढला आणि जाणकारांच्या हातात दिला. जाणकार खेळले. हरले, पुन्हा खेळले. तीन तास झाले तरी मी गार. घामाघूम झाले ते जाणकार! मालकांनीही दोन डाव टाकले आणि खुशीत येऊन म्हणाले, "छान आहे हो! दहा पाठवून द्या."

"विभाग सोमवारीच बंद झाला, काका," ताई म्हणाल्या. "माझं कुठे चुकलं तेवढंच बघायला आले होते."

मालकांची मान खाली गेली. जाणकारांनी मात्र कंट्रोलर ठेवता ठेवता म्हटलंच, "बघा, मी म्हटलं होतं, हे टिकणार नाहीत." या माणसाला काय म्हणावं!

आता मी इथेच आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मालक एखादा डाव खेळतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "चांगला होता हो, कंपनीनेच उगाच बंद केला." मला दात असते तर खाल्ले असते.

ताई परत दारांवर गेल्या. तुमच्या घरी नवा फ्रिज आला आणि त्याचं दार बोटभर ढकलल्यावर अलगद मिटलं, तर ते त्यांच्या हातचं समजा. त्याला कुणी नावं ठेवणार नाही. फ्रिजवाल्यांनीच केलंय ना!