दौंडच्या कॅफेतला नवा ब्राउझर

हनुमंतमामांनी दौंड स्टेशनासमोर सायबर कॅफे टाकला, तेव्हा एक पान उघडेस्तोवर माणसाचा चहा पिऊन व्हायचा. अर्धा फोटो दिसला की लाइन कट. तेव्हापासून मामांचा नेम एकच: गिऱ्हाईक उठलं की त्यानं काय बघितलं ते लगेच पुसायचं. गावाच्या भोचकपणाला मामांनी कधी दाणा टाकला नाही.

आज सकाळी पप्पू लोखंडी रॉड घेऊन आत शिरला. त्याची बहीण समृद्धी चार दिवसांपूर्वी संघर्षशी लग्न करून निघून गेली होती, आणि शिरूरच्या खोलीचा भाडेकरार तिनं इथंच बसून केला होता, एवढं त्याला कळलं होतं.

"पत्ता सांगा, मामा. दोघांना बी जित्तं ठेवत न्हाई."

"मला ठावं न्हाई."

पहिला रॉड मनगटावर बसला. हाड मोडलेलं मामांना ऐकू आलं. दुसरा बरगडीत. मामा कोसळले, तोंडात रक्त आलं, तरी हसले. "मार की. मशीन बी बघ. समदं पुसलंय."

पुसलं होतं हो, खरंच पुसलं होतं! पण आठवड्यापूर्वी मामांनी हौसेनं नवा ब्राउझर टाकला होता. मराठीत विचारा, मराठीत सांगतो, फॉर्मसुद्धा आपला आपण भरतो. येईल त्याला मामा कौतुकानं दाखवायचे. यादी पुसली तरी तो सगळं वेगळं लक्षात ठेवतो, हे त्या भोळ्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पप्पूनंही ते कौतुक बघितलेलं. त्यानं माईक पुढं ओढला. "समृद्धीनं शिरूरला खोली कुठं घेतली?"

मुडदा बशिवला त्या यंत्राचा! गल्ली, मजला, खोली नंबर, सगळं अदबीनं सांगितलं. वर विचारलं, "रस्ता दाखवू का?"

पप्पू दाराकडं वळला. उभ्या जन्मात मामांनी कुणाला चापट मारली नव्हती. त्यांनी धड हातानं स्टूल उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो पडला. "मामा, पाया पडतो," म्हणाला. मामा घालतच राहिले. पाय भलतीकडं वळला तेव्हा थांबले.

"माझा पाय मोडून काय हुतंय?" पप्पू कण्हत म्हणाला. खिशातला मोबाईल त्यानं वर धरला. "फोन चालूच हाय. आमचा थोरला, ज्ञानूदादा, शिरूरातच हाय. त्यानं ऐकलंय समदं."

मोबाईलमधून मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

मामांनी समृद्धीला फोन लावला. बंद होता. भाऊ त्रास देतील, आठवडाभर फोन बंद ठेव पोरी, असं मामांनीच तिला बजावलं होतं.