चार इंच

जगातली सगळी मोठी युद्धं जमिनीसाठी झाली, असं विद्वान लोक लिहून ठेवतात. आणि एकाच रक्ताच्या माणसांनी एकमेकांचं रक्त सांडावं असं त्या जमिनीत काय असतं, हे कोडं त्यांना अजून सुटलेलं नाही. या घरात जे युद्ध झालं तेही जमिनीसाठीच. जमीन चार इंच रुंद होती आणि तिच्यावर कपाट उभं होतं.

घर तीन खोल्यांचं. त्यातली एकच दिसत असे, तीही दारात उभं राहून मान तिरकी केली तर. बाबांनी जन्मभर कुलपं दुरुस्त केली होती आणि धाकटा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत असे. बाप-लेकाचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं: वस्तू कधी ना कधी लागतेच. त्यामुळे घरात तीन फ्रीज होते, दोनांत वर्तमानपत्रं आणि एकात दूध. अकरा छत्र्या होत्या. पाडलेल्या घरांचे सात दरवाजे होते. बुडं गेलेल्या बादल्या होत्या, कारण बादलीला बूड बसवता येतं. आणि शेजारी नुसती बुडं होती, पण ती त्या बादल्यांना बसत नव्हती.

आई या सगळ्यातून खेकड्यासारखी आडवी चालायला शिकली होती. एका सकाळी छत्र्या घसरल्या, आई छत्र्यांवर घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलने हाड जोडून दिलं आणि सोबत एक कागद दिला. आई आता वॉकर धरून चालणार. तिला घरी सोडायचं तर दारापासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून न्हाणीघरापर्यंत वाट मोकळी हवी, अठ्ठावीस इंच रुंद, कुठेही त्याहून कमी नाही. गुरुवारी दुपारी चारला एक बाई येऊन मोजणार. वाट असली तर आई घरी. नसली तर शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात खाट राखून ठेवलेली होती. तिथे गेलेली म्हातारी माणसं सहसा परत येत नसत, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही येत नसे.

कागद थोरलीकडे होता. थोरली दुसऱ्या शहरात पार्सलच्या गोदामात पाळीची मुख्य होती. साठ माणसं आणि दिवसाला नऊ हजार पार्सलं तिच्या धाकात असत, आणि त्यातली पार्सलं जास्त ऐकत. आईने तिला कॉटवरून एवढंच विचारलं, "नेशील ना मला घरी?"

"नेईन."

"त्या दोघांना मारू नकोस हो."

"नाही मारणार."

यातला एक शब्द तिने पाळला.

सोमवारी तह झाला. थोरलीने गोदामातून चिकटपट्टीची रिळं आणली होती. लाल पट्टी म्हणजे भंगारात, हिरवी म्हणजे घरात. बाबांनी हिरवं रीळ वीस मिनिटांत संपवलं आणि दुसरं मागितलं. तरी दुपारपर्यंत सात दरवाजे बाहेर गेले, आणि थोरली आईला जेवण घेऊन हॉस्पिटलात जाऊन आली. परत आली तोवर भंगारवाला गाडी भरून निघून गेला होता.

"माझी बॅग कुठंय?" तिने विचारलं.

"लाल पट्टी होती तिच्यावर," धाकटा म्हणाला.

"कुणी लावली?"

"ते कसं कळणार? सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसतात. पद्धत तुझीच आहे, ताई."

थोरलीने खिडकी उघडली आणि त्याची एक मोटार उचलून खाली टाकली. मग दुसरी उचलली. दुसऱ्या मोटारीला धाकटा लोंबकळला, आणि मोटार गेली तेव्हा तोही कमरेपर्यंत तिच्यामागे गेला. थोरलीने त्याचे पाय धरले. पाय धरून तिने बराच वेळ विचार केला. शेवटी त्याला आत ओढलं आणि कानाखाली अशी वाजवली की रस्त्यावरच्या दोन माणसांनी वर पाहिलं. धाकट्याने तिच्या दंडाचा चावा घेतला. तो बेचाळीस वर्षांचा होता. दवाखान्यात तिने कुत्रा चावला म्हणून सांगितलं, आणि डॉक्टरांनी कुत्रा पाळलेला आहे का विचारलं तेव्हा "हो, आईने," म्हणाली.

मंगळवार आणि बुधवार असेच, चढत्या भाजणीने गेले. वर्तमानपत्रांचे गठ्ठे हलवताना बाबांनी काठीने तिच्या पोटऱ्या फोडल्या. मोडका फ्रीज जिन्यावरून नेताना धाकट्याने आपलं टोक सोडलं, चुकून. थोरलीने संध्याकाळी त्याची बोटं दारात चेमटवली, तीही चुकून. बुधवारी दिवे लागेपर्यंत अंगणात घराहून उंच ढीग झाला होता, आणि घरात, चोवीस वर्षांत पहिल्यांदाच, फरशी होती. फरशीला रंग होता. धाकट्याला तो हिरवा वाटत आला होता, निघाला तांबडा.

गुरुवारी दुपारी दोनला मोजमाप झालं. एकच जागा अडचणीची उरली होती: मधल्या खोलीत समोरासमोरच्या दोन दारांमधली बोळ. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बाबांचं लोखंडी कपाट.

इथे घरातल्या टेपबद्दल सांगायला हवं. टेप आईचा, शिवणाचा. वीस वर्षांपूर्वी इस्त्रीखाली सापडून त्याचे पहिले चार इंच जळाले होते. दुसऱ्या घरात तो फेकला असता. या घरात त्याच्यासाठी नियम केला गेला: मोजणाऱ्याने टेपवर दिसेल तो आकडा मोठ्याने सांगायचा, आणि लिहिणाऱ्याने त्यातून चार वजा करून लिहायचं. लिहिणारी नेहमी आईच असे. पडदे, गाद्यांच्या खोळी, थोरलीचा लग्नातला पोशाख, सगळं असंच मापलं गेलं आणि सगळं बरोबर बसलं. लग्न सोडून.

धाकट्याने भिंतीपासून कपाटापर्यंत टेप ताणला.

"किती?" थोरलीने हाक दिली.

"अठ्ठावीस."

थोरलीने अठ्ठावीसमधून चार वजा केले आणि चोवीस लिहिलं.

"चार इंच कमी पडतायत," ती म्हणाली. "कपाट काढावं लागेल."

"बत्तीस लागतात?" धाकट्याने विचारलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. तो नुसता मनात म्हणाला, की एका म्हातारीला चालायला बत्तीस इंच मागणारं हॉस्पिटल डोक्यावर पडलेलं दिसतं. कागद त्याने पाहिला नव्हता. कागद थोरली कुणाच्या हातात देत नव्हती, कारण या घरात हातात दिलेला कागद पुन्हा दिसत नसे.

"कपाट हलणार नाही," बाबा म्हणाले.

त्या कपाटात चाळीस बरण्या होत्या आणि बरण्यांत चाव्या. लोकांनी दुकानात टाकलेल्या, विसरलेल्या, कुलूप हरवलं म्हणून सोडून दिलेल्या. बाबांचं म्हणणं होतं, की प्रत्येक चावीचं कुलूप जगात कुठेतरी आहे, आणि त्याच्या आड कुणीतरी अडकलंय. तो माणूस एक दिवस येणार. चाळीस वर्षांत एकजण खरंच आला होता. त्याची चावी सापडली नाही.

"बाबा, आई की चाव्या?"

"आई घरी येईल. तिला मी उचलून आणीन."

"तुम्हाला स्वतःची काठी उचलवत नाही."

"काल तुझ्या पोटरीवर कुणी उचलली होती मग?"

थोरली पहार आणायला अंगणात गेली. परत आली तेव्हा बाबांनी साखळीचं एक टोक कपाटाच्या कडीत ओवलं होतं, दुसरं डाव्या मनगटाभोवती घेतलं होतं, मध्ये मुठीएवढं कुलूप ठोकलं होतं, आणि चावी एका बरणीत टाकून बरणी हलवली होती. उजव्या हातात पाना होता.

तिने पहार कपाटाखाली घातली. बाबांनी पाना तिच्या मनगटावर हाणला. हाड वाजलं. थोरलीने पाना हिसकावून न्हाणीघरात फेकला आणि बापाला छातीवर तळवा देऊन भिंतीशी दाबलं. म्हाताऱ्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.

"बाबांना सोड," धाकटा मागून म्हणाला आणि तिचे केस धरून तिला खेचलं. तिने कोपर मागे मारलं. त्याच्या नाकातून एकदम रक्त आलं, नळाला पाणी यावं तसं, आधी फुसकारून आणि मग धार. तो घाबरला नाही, चिडला. तिचं डोकं त्याने दाराच्या चौकटीवर आपटलं, एकदा, मग मोजून आणखी एकदा. तिच्या जिभेवर काहीतरी टणक आलं. तिने ते तळहातावर थुंकलं. पुढचा दात.

घरात चार पायांची एकच खुर्ची होती. ती थोरलीने धाकट्याच्या खांद्यावर मोडली. खुर्ची आणि गळ्याजवळचं हाड एकाच वेळी मोडलं, त्यामुळे आवाज एकच आला. त्याचा उजवा हात लटकला. डाव्या हाताने त्याने कपाटातल्या बरण्या फेकायला सुरुवात केली. पहिली चुकली. दुसरी तिच्या भुवईवर फुटली, आणि चाव्या, काच आणि रक्त एकदमच फरशीवर आलं.

"बरण्या नको रे," बाबा ओरडले. "वर्षवार लावल्यात."

थोरलीने पहार दोन्ही हातांनी वर उचलली. एका डोळ्यात रक्त होतं, दुसऱ्याने तिला भाऊ दिसत होता, भिंतीला टेकलेला, नाक फुटलेला. लहानपणी ताप आला की हा तिच्याच कुशीत झोपायचा, हे तिला आठवलं. त्याने हात थांबेल असं वाटलं होतं. थांबला नाही. तिला डोकं फोडायचं होतं, दुसरं काहीही नको होतं, आणि पहार खाली येताना तिला शुश्रूषागृहातली ती खाट दिसत होती, पांढरी चादर घातलेली, वाट पाहणारी.

धाकटा बाजूला झाला. पहार कपाटाच्या पायावर बसली. पाय आतून गंजून पोकळ झाला होता. कपाट आधी किंचित वाकलं, कुणी काही विचारायला वाकावं तसं, आणि मग चाळीस वर्षांच्या चाव्यांसकट धाकट्याच्या पावलावर आलं.

त्यानंतर बराच वेळ नुसत्या चाव्याच बोलत होत्या, एकेक करून खाली पडत.

"किती वाजले?" शेवटी धाकट्याने विचारलं. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"पावणेतीन."

"मग उचल. माझा पाय सुटला की बाहेर ढकलू."

तिने एका हाताने पहार टेकवली, त्याने एका हाताने पाऊल ओढलं. दोन बोटं सपाट झाली होती. मग दोघांनी मिळून कपाट ढकललं. बाबा साखळीला बांधलेले असल्यामुळे कपाटाबरोबर चालू लागले. पहिल्या दारापर्यंत ते गप्प राहिले. पण ढिसाळ काम त्यांना जन्मात बघवलं नव्हतं.

"डावीकडून घ्या," ते म्हणाले. "उंबऱ्याला अडकेल. लेका, पायाने नाही, कमरेने लोट. पोरी, तू आधी भुवई पूस, तुला दिसत नाहीये."

जिन्याचा कोपरा घेऊन कपाट खाली रस्त्याकडेला उतरलं. बाबा त्याच्याशेजारी बसले. कुठलंही कुलूप ते तारेने दोन मिनिटांत उघडत, पण त्याला दोन हात लागतात, आणि त्यांचा एक कुलपात होता.

बरोबर चारला मोजणीच्या बाई आल्या. हातात कागद, कमरेला लोखंडी टेप.

"हे कोण?" त्यांनी साखळीकडे पाहून विचारलं.

"बाबा," थोरली म्हणाली. दात गेल्यामुळे पुढचा 'स' ओला आला. "ते सामानात नाहीत."

बाईंनी दारापासून खाटेपर्यंत मोजलं, खाटेपासून न्हाणीघरापर्यंत मोजलं. फरशीवरच्या रक्तावरून त्या जपून पाय टाकत होत्या. त्यांच्या कागदावर रक्तासाठी रकाना नव्हता. बोळीत टेप ताणून म्हणाल्या, "शेहेचाळीस. छान. म्हणजे आई उद्या सकाळी घरी."

थोरली खाटेच्या कडेवर बसली. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच बसली होती.

"आधी किती होतं?" बाईंनी विचारलं. असा रकाना मात्र होता.

"चोवीस. इथे कपाट होतं."

ते दिसतच होतं. फरशीवर कपाटाचा फिकट चौकोन उमटला होता, गंजाच्या काठासकट. बाई कामाच्या पक्क्या होत्या. त्यांनी चौकोनाच्या काठापासून भिंतीपर्यंत टेप लावला.

"अठ्ठावीस आहे हे."

"नाही हो. आमचा टेप तुटका आहे. ह्याने अठ्ठावीस सांगितले, मी चार वजा केले."

धाकटा दाराला टेकून एका पायावर उभा होता. त्याने आधी बाईंच्या कागदाकडे पाहिलं, मग थोरलीकडे.

"टेपवर बत्तीस होते, ताई," तो म्हणाला. "लिहायला आई नव्हती, म्हणून मी वजा करूनच सांगितले."

खालून बाबांनी विचारलं, झालं का मोजून.

बाईंनी आधीच्या रकान्यात अठ्ठावीस लिहिलं, नंतरच्या रकान्यात शेहेचाळीस, आणि दोन्हींपुढे एकच शेरा मारला: पुरेसे.