खाचरातल्या काचा

लावणी निम्म्यावर आली होती. रिया एकदम थांबली आणि तिनं एक पाय चिखलातून वर उचलला. आधी काहीच कळेना, पाय सगळा चिखलानं माखलेला. मग त्यातून लाल धार खाली टपकली आणि तिच्या सासूनं, आनंदीबाईनं, हातातली रोपांची मूठ तिथंच टाकून दिली.

हिरव्या बाटलीचा बोटभर तुकडा टाचेत घुसला होता. चौक गावच्या डॉक्टरनं सात टाके घातले आणि महिनाभर पाय पाण्यात घालायचा नाही म्हणून बजावलं. भरलावणीत हे ऐकायचं म्हणजे काय, ते शेती करणाऱ्यालाच कळतं.

त्यांचं भाताचं खाचर ओहोळाला लागून आहे आणि ओहोळ येतो वरच्या धबधब्यावरून. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथं मुंबई-पनवेलच्या गाड्यांची रांग लागते. दारू, चिकन, गाणी. हे सगळं आवरायला ग्रामपंचायतीनं तीन वर्षांपूर्वी आनंदीबाईच्याच मुलाला, राजेशला, स्वच्छतादूत नेमलं होतं. त्याला नारिंगी जॅकेट दिलं, हातात भोंगा दिला. "निसर्ग आपला आहे मंडळी, तो आपणच जपायचा," असं तो खडकावर उभा राहून दिवसभर ओरडायचा. शाळेतही त्याचं भाषण झालं होतं. पंचायतीत सत्कार झाला त्याचा फोटो आनंदीबाईनं नातेवाइकांत इतक्या वेळा दाखवला, की लोक आता तिला टाळायला लागले होते.

त्या रविवारी संध्याकाळी घरी आल्यावर बायकोचा पाय बघून राजेशनं पिकनिकवाल्यांना तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. आनंदीबाईनंही घातल्या.

सोमवारी सकाळी ती एकटीच ओहोळाच्या काठानं वर निघाली. काचा येतात तरी किती, हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. वर पोचली तर राजेश पाठमोरा उभा. हातात खराटा. पत्रावळ्या, प्लास्टिकचे पेले, फुटलेल्या बाटल्या, सगळं तो खडकाच्या कडेला लोटत होता आणि कडेवरून पाण्यात ढकलत होता. पाणी घेऊन जात होतं. खडक लख्ख झाल्यावर त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि फोटो घेतला.

"राजेश!"

तो दचकला. "आये, तू कशाला आलीस गं? शेवाळ हाय, घसरशील."

"काय करतोस रं?"

"साफ करतोय."

"कुठं टाकतोस?"

त्यानं खराटा खडकाला टेकवला. मग घाईघाईनं बोलायला लागला. "कचऱ्याचा टेंपो इथवर येत नाय. चार अर्ज दिले. ग्रामसेवक म्हणतो, फक्त सोमवारी पंचायतीच्या ग्रुपवर फोटो पाठव. मी एकटा ठेवू कुठं हे सगळं? आन पाण्याला जोर हाय, जातं वाहून."

"कुठं जातं?"

"जातं... खाली."

"खाली कोण हाय?"

"आये, तिला लागली ती काच यातलीच कशावरून?"

बत्तीस वर्षांच्या, एका लेकीचा बाप असलेल्या मुलाच्या मुस्काटात आनंदीबाईनं सणसणीत दिली. "भोंग्यावर लोकान्ला शिकवतोस! शाळेत पोरान्ला शिकवतोस! आन काल माज्यासमोर बसून शिव्या घालत होतास. लाज नाय वाटली? चल खाली."

तिनं त्याला खाचरात उतरवलं. "हातानं चाचपायचं. वीतभरसुद्धा सोडायचं नाय."

जॅकेट बांधावर काढून तो ओणवा झाला. दुपारपर्यंत एक पत्र्याचा डबा निम्मा भरला. रिया ओटीवर पाय लांब करून बसली होती. तो जेवायला आला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "किती वर्सं?"

"तीन," तो म्हणाला. तिनं ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि तोंड फिरवलं.

बातमी फिरली. खालच्या शेताचा मालोजी आला, बांधावर उभा राहून डब्याकडे बघत राहिला. "गेल्या साली माज्या बैलाचा पाय कापला काचेनं," तो राजेशला म्हणाला. "तू बघायला आला होतास. माज्याबरोबर बसून मुंबईवाल्यान्ला शिव्या दिल्यास. तवा तुला ठावं होतं ना रं?"

राजेश पुन्हा ओणवा होऊन चिखल चाचपायला लागला.

मंगळवारी आनंदीबाई, मालोजी आणि खालच्या शेतांतल्या सहा बायका डबा घेऊन पंचायतीत गेल्या. ग्रामसेवकानं खुर्च्या मागवल्या, चहा सांगितला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मावशी, हे तुमच्या मुलानं केलंय. त्याला विचारा."

"त्याला इचारलं. हातानं इचारलं. आता तुमाला इचारते. चार अर्ज कुठं हायेत?"

"बघावं लागेल. असं लगेच..."

आनंदीबाईनं डबा उचलला आणि त्याच्या टेबलावर उपडा केला. काचा, चिखल, गढूळ पाणी, सगळं कागदांवरून पसरत त्याच्या मांडीवर ओघळलं. तो खुर्ची मागं ढकलून उभा राहिला.

"काढा फोटो," ती म्हणाली. "टाका तुमच्या ग्रुपवर."

तिच्याविरुद्ध तक्रार करायची भाषा झाली, पण तक्रार झाली नाही. दोन आठवड्यांनी टेंपो यायला लागला. तोही पायवाटेच्या तोंडापर्यंतच, वर चढत नाही. तिथवर गोण्या राजेश पाठीवरून आणतो, सोमवारी पंधरा-वीस खेपा होतात. भोंग्यावरचं भाषण त्यानं बंद केलं. आता तो गाडीवाल्यांना नुसतं सांगतो, "बाटली परत न्या, खाली माझं शेत आहे." काही नेतात. बरेचजण हसतात. एकानं मुद्दाम त्याच्यासमोर फोडली.

रिया चालते, पण टाच टेकवत नाही. हातच कमी पडले, त्यामुळे खाचराचा ओहोळाकडचा तुकडा त्या वर्षी लावायचा राहूनच गेला, तिथं नुसतं गवत माजलं. आनंदीबाई मुलाशी कामापुरतं बोलते. मालोजी तेवढंही बोलत नाही.