देव्हाऱ्यातला बिल्ला

मित्रांनो, मागच्या मंगळवारी मी मेले. पण ते विसरा. कंपनीच्या म्हणण्यानुसार तसं काही घडलेलंच नाही, आणि मी वाद घालणारी शेळी नाही.

मी सुकापूरच्या ठमाबाईंची जुनी शेळी आहे. जन्म त्यांच्या मोरीमागचा. मी दूध दिलं, करडं दिली. ती विकून त्यांनी नातीला, अंकिताला, बारावीपर्यंत शिकवलं. यंदा तिला नर्सिंगला जायचं होतं. तो प्रवेश माझ्या पोटात वाढत होता. त्या घराची बँक मीच. फरक इतकाच, की बँक लेंड्या टाकत नाही.

एकदा बचत गटाची मिताली शेळ्यांचा विमा घेऊन आली.

"थोडा हप्ता भरा, आत्या. बकरी मेली तर कंपनी पैसे देईल."

"आनि जगली तं?"

"तर हप्ता कंपनीचा."

"मंजे ही जगावी असं माझ्यापेक्षा कंपनीलाच जास्त वाटतंय," ठमाबाई म्हणाल्या. "बरी हाय की कंपनी."

"मरनाचं बोलू नको गं," शेजारची हौसा ओट्यावरून म्हणाली. "बकरी ऐकतेय."

मी ऐकतच होते.

ठमाबाईंना माहितीपत्रक कळलं नाही. पण मिताली त्यांच्या माहेरची. माहेरच्या पोरीला रिकाम्या हाताने कसं धाडायचं? म्हणून त्यांनी विमा घेतला. हौसा म्हणाली, "तुझं काय होतं ते बघते, मंग माझ्या बकऱ्यांचं बघू." अख्खी आळी तेच म्हणाली. अशा रीतीने आळीचा विमा माझ्या तब्येतीवर येऊन थांबला.

माझ्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला ठोकला. पोरं मला मॅडम म्हणू लागली. पुढे कान चिघळला. ठमाबाईंनी बिल्ला हलकेच कापून काढला, कानाला हळद लावली, आणि हरवू नये म्हणून बिल्ला देव्हाऱ्यात अन्नपूर्णेशेजारी ठेवला. त्याला रोज कुंकू लागायचं. मला नाही.

मग मागच्या सोमवारी गावाला लागून उठलेल्या नव्या टॉवरमध्ये सत्यनारायण झाला. उरलेला शिरा कुणीतरी प्रेमाने गेटबाहेर ठेवला. मी तो प्रेमाने संपवला. पोट फुगलं. मंगळवारचं तुम्हाला माहीत आहे, म्हणजे नाही.

मिताली दाव्यासाठी फोटो काढायला आली. ठमाबाईंनी बिल्ला दोन्ही हातांनी पुढे केला.

"आत्या, हा कानात हवा होता. कंपनी म्हणते, कानात बिल्ला नाही तर ही ती शेळी नाही."

"मंग ही कोन हाय?"

मितालीने फोन पर्समध्ये ठेवला.

"ही ती नाय, तं माझी बकरी जिती असंल. शोधून आना."

कोणी हसलं नाही. ठमाबाईंनी बिल्ला पुसला आणि परत देव्हाऱ्यात ठेवला. हौसाने स्वतःच्या कानाची पाळी धरली. बिल्ला माझ्या कानाला, खडा आळीच्या कानाला. उद्यापासून अंकिता कळंबोलीला एका दुकानात कामाला जाणार आहे.

मित्रांनो, शेळ्यांना शिरा घालू नका. बाकी शिकण्यासारखं मला काही दिसत नाही.

तरी माननीय दावा अधिकारी यांना नम्र विनंती, की सदर शेळीचा मृत्यू मंजूर करावा. ते नियमात बसत नसल्यास सदर शेळीस जिवंत समजून, पोटातील करडांसह, नर्सिंग प्रवेशाच्या अंतिम तारखेपूर्वी ठमाबाईंच्या दारी हजर करावे.