चर्चच्या पार्किंगमधला एक गुन्हा

मिनेसोटातल्या त्या छोट्या कॉलेजात वर्षभरातले गुन्हे मोजायचं काम रोवेना श्लोसरकडे होतं. अहवाल एक ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला ईमेलने गेलाच पाहिजे, असा केंद्राचा कायदा. त्यात 'लूटमार' या रकान्यात शून्य असावं, असा उपाध्यक्ष ब्रिगम यांचा आग्रह.

आता शून्य म्हणायचं तर गेल्या नोव्हेंबरात इमानी कोल या विद्यार्थिनीला ल्यूथरन चर्चच्या पार्किंगमध्ये कुणीतरी पाडून फोन नेला होता. तिचं मनगट मोडलं.

"जागा चर्चची आहे, रोवेना," ब्रिगम म्हणाले.

"तिथल्या पार्किंगचे पास आपण देतो. बर्फ आपण काढतो. मुलांनी गाड्या तिथेच लावायच्या, हा फतवाही आपलाच."

"जागा आपण वापरायला घेतल्याचा चर्चशी लेखी करार दाखव, लगेच मोजू. कायद्याला कागद लागतो."

करार शोधण्यात सप्टेंबर गेला. कपाटं झाली, तळघर झालं, निवृत्त कुलसचिवांचं गॅरेजसुद्धा झालं. तीस तारखेला ती चर्चमध्ये गेली. पास्टर लुंडीननी कॉफी ओतली, लिंबाची वडी पुढे केली.

"करार? तीनदा मागितला मी. तुमचे ब्रिगम म्हणाले, देवाच्या माणसाशी कसली कागदपत्रं करायची! मलाही तेव्हा बरं वाटलं हो."

रोवेनाने वडी खाली ठेवली.

"आत्ता लिहून देऊ?" पास्टरांनी आवाज खाली आणला. "तारीख मागची घालतो."

"पास्टर, तुम्ही?"

"त्या पोरीचं मनगट मी पाहिलंय."

रोवेनाने बराच वेळ विचार केला. एवढा वेळ लागला याचाच तिला राग आला. मग ती "नको" म्हणाली आणि निघाली.

ऑफिसात येऊन तिने रकान्यात शून्य भरलं आणि इमानीला फोन लावला.

"म्हणजे मिस, मला कुणी पाडलंच नाही?"

"पाडलं. पण कॉलेजच्या हिशेबी ती जागा कॉलेजची नाही."

"आणि हे सगळ्यांना जाणार?"

"हो. तुलाही."

"मला नका पाठवू."

"न पाठवणं बेकायदेशीर आहे गं."

इमानी हसली, ते हसू ऐकवत नव्हतं. "मग तक्त्याच्या खाली तरी लिहा ना. शून्याखाली जागा असेल की."

जागा होती. रोवेनाने लिहिलं: 'कॉलेजच्या पासवर चर्चच्या पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्या एका विद्यार्थिनीला तिथेच पाडून लुटण्यात आलं. वरच्या आकड्यात ही घटना धरलेली नाही.' आणि अहवाल पाठवून दिला.

चार मिनिटांत ब्रिगमांचा फोन आला. अकरा वर्षांत त्यांनी अहवाल वाचल्याचा हा पहिलाच पुरावा.